बॉल मिलमध्ये दळलेल्या सेल्युलोजची स्फटिकता दर वेळी वेगळी का येते?

तक्रार बहुतेक वेळा अशीच असते. सेल्युलोज तेच, मिल (फिरत्या भांड्यात गोळ्यांच्या माऱ्याने दळणारे यंत्र) तीच, गोळे तेवढेच, वेग आणि वेळही तीच. तरीही क्ष-किरण विवर्तनातून काढलेला स्फटिकतेचा, म्हणजे साखळ्या व्यवस्थित रांगेत असलेल्या भागाच्या टक्केवारीचा, आकडा एका दळणात अगदी कमी, तर पुढच्या दळणात त्याच्या दुप्पट येतो. दुसरी तक्रार हिच्याशीच निगडित आहे. दळून पूर्णपणे अस्फटिक झालेली पूड आठवड्याभराने पुन्हा तपासली, की विवर्तनाच्या आलेखातून नाहीशी झालेली शिखरे परतलेली दिसतात, आणि कधी कधी ती जुन्या जागी न येता नव्याच कोनांवर उभी राहतात. अशा वेळी पहिला संशय मिलवर जातो, वेग तपासला जातो, गोळे बदलले जातात आणि दळण्याचा वेळ वाढवला जातो. माझ्या अनुभवात मात्र दोष क्वचितच मिलमध्ये सापडला. बहुतेक वेळा तो पाण्यात होता, आणि उरलेल्या वेळी आकडा काढण्याच्या पद्धतीत होता. म्हणून या लेखात मिलकडे मी शेवटी वळणार आहे.

दळताना नेमके काय मोडते

वनस्पतींच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोजच्या लांब साखळ्या शेजारी शेजारी मांडलेल्या असतात. हायड्रोजन बंधांनी त्या एकमेकींना जोडल्या जातात आणि त्यांचे सपाट थर तयार होतात. हे थर एकावर एक रचून स्फटिक बनतो. दोन थरांमधील अंतर सुमारे ०.३९ नॅनोमीटर असते आणि त्यांना धरून ठेवणारी बले मुख्यतः व्हॅन डर वाल्स प्रकारची असतात. नैसर्गिक सेल्युलोज हे एकच स्फटिकरूप नसून एक-अल्फा आणि एक-बीटा या दोन रूपांचे मिश्रण आहे, हे अटाला आणि व्हँडरहार्ट यांनी १९८४ मध्ये घनावस्था एनएमआरच्या (अणूंच्या भोवतालची रचना चुंबकीय क्षेत्रात तपासणाऱ्या पद्धतीच्या) साहाय्याने दाखवले. कापूस आणि लाकूड यांमध्ये बीटा रूपाचे प्राबल्य असते. निशियामा, लँगन आणि शांझी यांनी २००२ मध्ये या बीटा रूपाची रचना अणूंच्या जागांसह निश्चित केली. तांब्याच्या के-अल्फा या क्ष-किरणांनी काढलेल्या आलेखात या रूपाची तीन शिखरे महत्त्वाची असतात: सुमारे १४.९, १६.५ आणि २२.७ अंशांवरची. यांतील शेवटचे आणि सर्वांत उंच शिखर त्या ०.३९ नॅनोमीटर अंतराचे आहे.

कोरड्या सेल्युलोजवर गोळ्यांचा मारा झाला, की दाब आणि कातर बल या दोन्हींमुळे थर एकमेकांवरून सरकतात. हायड्रोजन बंध तुटतात आणि नव्या, अव्यवस्थित जोड्यांनी पुन्हा जुळतात. साखळीच्या बाजूला असलेले हायड्रॉक्सिमिथिल गट आपली ठरलेली दिशा सोडतात. काही साखळ्या मधूनच तुटतात, त्यामुळे मुक्त मूलके निर्माण होतात आणि बहुवारिकतेची मात्रा (एका साखळीतील एककांची संख्या) घसरते. स्फटिक आधी लहान होतात, मग त्यांच्यातील रचना विस्कटते, आणि अखेरीस आलेखात साधारण २० अंशांच्या आसपास एकच पसरट उंचवटा उरतो. सेल्युलोज वितळत नाही, वितळण्याआधीच त्याचे विघटन होते. म्हणून द्रावकाशिवाय त्याला अस्फटिक करण्याचे जे थोडे मार्ग आहेत, त्यांत कोरडे दळण हा सर्वांत सरळ मार्ग आहे.

येथे एक गोष्ट विसरली जाते आणि पुढच्या साऱ्या अडचणी तेथूनच सुरू होतात. दळून मिळालेली ही अवस्था स्थिर नाही. साखळ्यांना पुन्हा रांगेत यायचेच असते. केवळ हलण्यास मोकळीक नसल्यामुळे त्या अडकून राहतात. अगदी कोरड्या अस्फटिक सेल्युलोजचे काच-संक्रमण तापमान (ज्याच्या वर गोठलेल्या साखळ्या हलू लागतात ते) २०० अंश सेल्सिअसच्या वर असते, त्यामुळे खोलीच्या तापमानाला ते काचेसारखे गोठलेले राहते. पाण्याचे रेणू साखळ्यांमध्ये शिरले, की हे तापमान झपाट्याने खाली येते, साखळ्या सैल होतात आणि व्यवस्था परतू लागते.

आधी आकडा तपासा, मग पूड

मोठ्या फरकांपैकी बरेच फरक पुडीत नसतातच. बहुतेक ठिकाणी स्फटिकता सीगल आणि सहकाऱ्यांच्या १९५९ च्या सूत्राने काढली जाते: २२.७ अंशांजवळच्या शिखराच्या उंचीतून १८ अंशांवरची उंची वजा करायची, उत्तराला शिखराच्या उंचीने भागायचे आणि शंभराने गुणायचे. हे सूत्र कापसाच्या नमुन्यांची आपसांत तुलना करण्यासाठी तयार झाले होते, आणि त्या कामासाठी ते आजही उपयोगी आहे. दळलेल्या पुडीला ते लावताना मात्र त्यामागील गृहीतकच ढासळते, कारण १८ अंशांवर जे काही दिसते ते सगळे अस्फटिक भागाचे आहे असे हे सूत्र मानते.

आपण एक हिशेब करून पाहू. शिखराच्या रुंदीवरून स्फटिकाचा आकार काढणाऱ्या शेररच्या सूत्रात स्थिरांक ०.९ धरला, तर कापसाच्या शिखराची १.४ अंश रुंदी सुमारे ५.८ नॅनोमीटर आकाराचा स्फटिक दाखवते. तोच स्फटिक ३ नॅनोमीटरचा झाला, तर रुंदी २.७ अंशांवर जाते, आणि दीड नॅनोमीटरचा झाला, तर साडेपाच अंशांच्या जवळ पोहोचते. एवढ्या रुंदीला १४.९ आणि १६.५ अंशांची शिखरे एकमेकांत मिसळतात आणि १८ अंशांवरची दरी दोन्ही बाजूंनी भरून येते. याचा अर्थ असा की एक कणही अस्फटिक न होता, केवळ स्फटिक लहान झाल्यामुळे सीगलचा आकडा घसरतो. फ्रेंच आणि सांतियागो सिंट्रॉन यांनी २०१३ मध्ये संगणकावर काढलेल्या आलेखांनी हेच दाखवले आहे. शिवाय दीड नॅनोमीटर म्हणजे जेमतेम चार थर. चार थरांच्या त्या तुकड्याला लहान स्फटिक म्हणायचे की अव्यवस्थित सेल्युलोज म्हणायचे, हा प्रश्न मला आजही अवघड वाटतो, आणि एका टक्केवारीत त्याचे उत्तर मावेल असे वाटत नाही.

दुसऱ्या टोकाला, पूर्णपणे दळलेल्या पुडीचा पसरट उंचवटा १८ आणि २२.७ या दोन्ही कोनांवर पसरलेला असतो. त्यामुळे तेथे सूत्राचे उत्तर उंचवट्याच्या उताराप्रमाणे आणि पार्श्वभूमीची रेषा कशी आखली यावर ठरते. ते शून्याच्या खालीही जाऊ शकते किंवा चांगले घसघशीत धनही येऊ शकते. नमुन्याची पूड कमी असेल आणि काचेची पट्टी वापरली असेल, तर काचेचा स्वतःचा उंचवटा याच भागात मिसळतो. तेव्हा शून्य पार्श्वभूमीची सिलिकॉन पट्टी वापरावी, पार्श्वभूमी प्रत्येक वेळी त्याच दोन कोनांवर टेकवावी, आणि आपल्याच मिलमध्ये दीर्घकाळ दळलेली, कोरडी ठेवलेली पूड अस्फटिक प्रमाण म्हणून घेऊन तिचा आलेख वजा करण्याची पद्धत निवडावी. पार्क आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ॲव्हिसेल पीएच-१०१ हे एकच सूक्ष्मस्फटिकी सेल्युलोज वेगवेगळ्या पद्धतींनी तपासले, तेव्हा शिखराच्या उंचीवरून स्फटिकता ९० टक्क्यांच्या वर आली आणि एनएमआरवरून ६० च्या खाली. बाटली एक आणि आकडे इतके दूर! म्हणून दोन दळणांची तुलना करताना आधी दोन्ही आलेख एकावर एक ठेवून पाहावेत. आलेख जुळत असतील आणि आकडे जुळत नसतील, तर मिलला हात लावण्याचे कारण उरत नाही.

दुजोऱ्यासाठी एनएमआर उपलब्ध असेल तर चौथ्या कार्बनचा संकेत पाहावा: व्यवस्थित भाग ८९ पीपीएमजवळ दिसतो, तर अव्यवस्थित आणि पृष्ठभागावरचा भाग ८४ जवळ. अवरक्त वर्णपट सोपा असला, तरी पोटॅशियम ब्रोमाइडसोबत खलात जोराने घोटणे हेही एक दळणच आहे, हे तेथे लक्षात ठेवावे लागते.

पाणी: दळण्याआधी, दळताना आणि दळल्यानंतर

आलेखच वेगवेगळे असतील, तर पुढचा प्रश्न पाण्याचा. दळलेले सेल्युलोज ओले केले की ते पुन्हा स्फटिकरूप घेते, हे नवे निरीक्षण नाही. हर्मन्स आणि वायडिंगर यांनी अस्फटिक सेल्युलोजच्या पुनःस्फटिकीकरणावर १९४६ मध्येच लिहिले आहे. तरीही प्रयोगशाळेत दर वर्षी कोणीतरी याच ठेचेला अडखळतो, कारण पाणी ओतल्याचे कोणाला आठवत नसते. ते आठवत नाही, कारण बहुतेक वेळा ते कोणी ओतलेलेच नसते.

मुंबईत जुलै महिन्यात हवेतील सापेक्ष आर्द्रता अनेक दिवस ८० टक्क्यांच्या वर असते. आमच्याकडे उन्हाळ्यात सुरळीत चाललेली दळणांची मालिका पावसाळा लागताच बिघडली, आणि कारण सापडेपर्यंत दोन महिने गेले. आम्ही मिलचा पट्टा तपासला, नवे गोळे मागवले, वेळ वाढवली. पण दळून झालेली पूड नमुन्याच्या पट्टीवर उघडी ठेवून विवर्तनयंत्राच्या रांगेत तासन्‌तास पडून राहते, याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. अस्फटिक सेल्युलोज स्फटिकी सेल्युलोजपेक्षा अधिक ओलावा शोषते, त्यामुळे दळण जितके चांगले झाले असेल तितकी ती पूड हवेतील पाण्याला अधिक लवकर बळी पडते. म्हणूनच आमची सर्वांत चांगली दळणे सर्वांत वाईट दिसत होती, आणि याच उलट्या चित्राने आमची दिशाभूल केली.

संशय पाण्यावर असेल, तर एक साधी चाचणी पुरेशी होते. एकाच भांड्यातील पूड तीन भागांत वाटावी. पहिला भाग लगेच फॉस्फरस पेंटॉक्साइड असलेल्या शुष्ककात (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) बंद करावा. दुसरा भाग टेबलावर उघडा ठेवावा. तिसरा भाग रात्रभर पाण्यात भिजवावा, नंतर त्यातील पाणी इथेनॉलने बदलून काढावे आणि निर्वातात वाळवावा. तिन्हींचे आलेख एकाच दिवशी काढावेत. तिसऱ्या आलेखात शिखरे परतलेली दिसली, तर तुमची पूड पाण्याला किती संवेदनशील आहे ते कळेल. दुसरा आलेख पहिल्यापासून सरकून तिसऱ्याच्या दिशेने निघालेला असेल, तर गुन्हेगार हवा आहे.

परतलेली शिखरे कोठे आहेत, हे बारकाईने पाहण्यासारखे असते. पूड अर्धवट दळलेली असेल, तर तिच्यात मूळ रूपाचे सूक्ष्म तुकडे बीजासारखे शिल्लक असतात आणि पाणी मिळताच साखळ्या त्यांच्याभोवती पुन्हा सेल्युलोज-एक रूपात जुळतात. दळण पुरते झालेले असेल आणि बीजे उरलेली नसतील, तर सेल्युलोज-दोन हे रूप तयार होऊ शकते: १२.१ अंशांवर एक नवे शिखर उगवते, २० अंशांजवळ दुसरे, आणि २२.७ चे शिखर २२ कडे सरकलेले दिसते. मर्सराइज केलेल्या (तीव्र अल्कलीत बुडवलेल्या) कापसात आणि व्हिस्कोज धाग्यात आढळणारे रूप हेच. १२.१ अंशांवरचे शिखर दिसले, की अनेक जण नमुन्यात भेसळ झाली असे समजतात. प्रत्यक्षात ते पूड पूर्णपणे दळली गेली होती आणि नंतर भिजली, याचा पुरावा असतो. त्या आलेखाला सीगलचे सूत्र लावणे मात्र चूक आहे, कारण त्यातील कोन सेल्युलोज-एकचे आहेत.

पाणी नकळत कोठून शिरते, याचा शोध घेताना पुढील जागा मला वारंवार सापडल्या. पोलादी गोळ्यांमुळे पुडीला करडी छटा येते, म्हणून ती सौम्य आम्लाने धुतली जाते. लोखंड निघून जाते आणि स्फटिक परत येतात. गोठवून वाळवणे सुरक्षित समजले जाते, पण त्यासाठी पूड आधी पाण्यात घ्यावी लागते आणि नुकसान तेव्हाच होऊन गेलेले असते. द्रव नायट्रोजनच्या, म्हणजे उणे १९६ अंशांच्या थंडाव्यात दळलेले भांडे लगेच उघडले, तर दमट हवेतील दव थेट पुडीवर जमते. भांडे खोलीच्या तापमानाला येईपर्यंत बंदच ठेवावे. शुष्ककातील सिलिका जेल ओलाव्याने भरून गुलाबी झालेले असते आणि ते बदलण्याचे काम कोणाचे हे ठरलेले नसते. धुणे अटळच असेल, तर पाण्याऐवजी निर्जल इथेनॉल किंवा ॲसिटोन वापरावे.

दळण्याआधीचा ओलावाही तितकाच महत्त्वाचा आहे. सूक्ष्मस्फटिकी सेल्युलोजला औषधसंहितेत वाळवणीतील घट ७ टक्क्यांपर्यंत चालते, म्हणजे बंद बाटलीतला मालही कोरडा असतोच असे नाही, आणि उघडी राहिलेली बाटली पावसाळ्यात आणखी ओलावा घेते. ओलावा जास्त असला, की दळताना मोडलेली रचना तिथल्या तिथे काही प्रमाणात पुन्हा जुळते आणि अस्फटिक होण्याचा वेग मंदावतो. पाणी भरपूर असेल, तर परिणामच वेगळा होतो: तंतू चिरले जाऊन सुटे होतात, पण त्यांचा स्फटिकी गाभा बराचसा टिकून राहतो, आणि नॅनोतंतू मिळवण्यासाठी ओल्या लगद्यावर यांत्रिक प्रक्रिया करतात ती याच कारणासाठी. म्हणून प्रत्येक दळणाआधी थोडी पूड १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवून ओलावा मोजावा, आणि उरलेली पूड निर्वातात वाळवून कोरडी असतानाच भांड्यात भरावी. हा ओलाव्याचा आकडा नोंदवहीत वेगाच्या आणि वेळेच्या शेजारी लिहिलेला असावा. तो नसेल, तर दोन दळणे एकसारखी होती असे म्हणण्याचा आधारच उरत नाही.

आता मिल

पाण्याचा बंदोबस्त झाल्यावरही फरक राहिला, तर आलेखातील उरलेल्या शिखराची रुंदी मोजावी. पसरट उंचवट्यावर एक टोकदार शिखर उभे असेल आणि त्याची रुंदी न दळलेल्या कच्च्या मालाइतकीच असेल, तर सगळी पूड थोडी थोडी दळलेली नसून थोडी पूड अजिबात दळलेली नाही. असे तेव्हा होते, जेव्हा भांड्याच्या तळाशी आणि भिंतीवर पुडीची घट्ट पापडी बसते व तिच्याखालचा भाग गोळ्यांपासून सुरक्षित राहतो. त्यावर वेळ वाढवणे हा उपाय नाही. दर १०–१५ मिनिटांनी मिल थांबवून, भांडे थंड होऊ देऊन, कोरड्या हवेत पापडी खरवडून पुन्हा मिसळावी. याउलट उरलेले शिखर स्वतःच रुंदावलेले असेल, तर दळण एकसारखे झाले आहे, फक्त ते अपुरे आहे. येथे वेळ वाढवणे योग्य ठरते.

ग्रहीय मिलमध्ये (जिच्यात भांडी मध्याभोवती आणि स्वतःभोवतीही फिरतात) दिली जाणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. मिनिटाला ३०० ऐवजी ३५० फेरे केले, तर शक्ती जवळजवळ ६० टक्क्यांनी वाढते. त्यामुळे दोन वेगळ्या मिलींवरचा ‘साधारण तोच वेग’ हा तोच वेग नसतो. गोळे, पूड आणि मोकळी जागा प्रत्येकी सुमारे एक तृतीयांश ठेवण्याचा प्रघात पाळावा. पूड अर्ध्याने कमी घेतली, तर तेवढ्याच वेळात दर ग्रॅममागे मिळणारी ऊर्जा दुपटीच्या आसपास जाते, हे घाईत लक्षात येत नाही. गोळ्यांचे द्रव्य बदलले तरी तसेच होते: झिर्कोनियाची घनता सुमारे ६, पोलादाची ७.८ आणि अकीकाची २.६५, त्यामुळे एकाच आकाराच्या गोळ्यांचा मारा सारखा नसतो.

आलेखात ३० अंशांच्या पुढे एखादे अरुंद, अनोळखी शिखर दिसले तर ते सेल्युलोजचे समजू नये. ३०.२ अंशांवरचे शिखर झिर्कोनियाच्या झिजेचे असते, ४४.७ वरचे लोखंडाचे; अकीक वापरला असेल तर क्वार्ट्‌झ त्याआधीच, २६.६ वर दिसते.

उसाची चिपाडे किंवा कापसाच्या पऱ्हाट्या थेट दळणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. त्यांतील लिग्निन आणि हेमिसेल्युलोज मुळातच अस्फटिक असल्यामुळे आलेखातील पसरट उंचवटा दळण्याआधीच मोठा असतो, आणि दोन शेतांतल्या मालात त्यांचे प्रमाण वेगळे असले, की स्फटिकताही वेगळी दिसते. अशा मालाची तुलना फक्त त्याच मालाच्या न दळलेल्या नमुन्याशी करावी.

विकरांनी (एन्झाइमांनी) साखर मिळवण्यासाठी जे सेल्युलोज दळतात, त्यांच्या तक्रारीचे रूप थोडे निराळे असते: आलेखात पूड पूर्ण अस्फटिक दिसते, पण साखरेचे उत्पादन अपेक्षेइतके वाढत नाही. येथे कोरड्या पुडीचा आलेख अपुरा पडतो, कारण विकराला ती पूड कोरडी मिळतच नाही. ५० अंश तापमानाच्या, सुमारे ५ सामू असलेल्या बफरमध्ये ती पडताच एका बाजूने विकर साखळ्या तोडू लागते आणि दुसऱ्या बाजूने उरलेल्या साखळ्या पुन्हा स्फटिकात जुळू लागतात. म्हणून प्रत्येक प्रयोगासोबत विकर न घातलेली एक कुपी ठेवावी, त्याच बफरमध्ये, त्याच तापमानाला आणि तेवढाच वेळ. मग त्यातील पूड इथेनॉलने धुऊन, वाळवून तिचा आलेख काढावा, आणि साखरेच्या आकड्यांशी तुलना त्या आलेखाची करावी.